एप्रिलमध्ये घरी पीसी जोडायचाय, स्टॅटिकचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहणारा एक विद्यार्थी परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी, घरीच पीसी असेंबल करणार आहे. पार्ट घेऊन झालेत, भीती आहे ती स्टॅटिकची, म्हणजे घर्षणाने अंगावर साचणाऱ्या विजेची. मित्र म्हणतो, स्टॅटिक-बिटिक काही नसतं, मी गादीवर बसून जोडला आणि मस्त चालतोय. दुकानदाराने बजावलंय की पार्ट उडाला तर परत घेणार नाही. म्हणून तो विचारतो: रबरी मॅट अंथरून, हातमोजे घालून बसलो तर पुरे का? मनगटाला बांधायचा अँटी-स्टॅटिक रिस्ट बँड घ्यावा का? आणि घरात अर्थिंग आहे की नाही हेच माहीत नसेल तर काय करायचं?

मी नागपुरातच, बर्डीत, गेली 21 वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. बोर्डावरची चिप काढून नवी बसवणं हे रोजचं काम. तुझा मित्र आणि दुकानदार, दोघांचंही म्हणणं मी खरं ठरताना पाहिलंय. मित्राने पीसी कोणत्या महिन्यात जोडला हे तू लिहिलं नाहीस. ऑगस्टमध्ये जोडला असेल तर त्याला काही झालं नाही यात नवल नाही. तू एप्रिलअखेर जोडणार आहेस, आणि नागपुरात या दोन महिन्यांच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पावसाळ्यात आपल्याकडे कातडीवर, फरशीवर, कपड्यावर, सगळीकडे पाण्याचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा बसलेला असतो. घासून तयार झालेला चार्ज त्यातून आपोआप निघून जातो. मार्च लागला की हा पापुद्रा नाहीसा होतो. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, कित्येकदा त्याच्याही खाली असते. दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो, तीच ही हवा. तयार झालेला चार्ज मग जागच्या जागी साचून राहतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या जुन्या हँडबुकमधला एक तक्ता आजही या धंद्यात सगळीकडे वापरतात. त्यात 10 ते 20 टक्के आर्द्रतेत विनाइलच्या फरशीवरून चालणाऱ्या माणसावर 12,000 व्होल्टपर्यंत जमतात असं दिलंय, आणि 65 ते 90 टक्के आर्द्रतेत फक्त 250. टेबलावरून पॉलिथिनची पिशवी उचलली तर कोरड्या हवेत 20,000, दमट हवेत 1,200. माणूस तोच, पिशवी तीच, बदलली ती हवा.

आता मुद्द्याचं. माणसाला स्टॅटिकचा चटका जाणवायला अंगावर साधारण 3,000 व्होल्ट जमावे लागतात. कारमधून उतरून दार लावताना टिचकी मारल्यासारखं बसतं, तेव्हा किमान एवढे होते असं समज. चिपचं गणित वेगळं आहे. इंजिनिअर लोक चिपची चाचणी घेताना माणसाला 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि 1,500 ओहमचा रेझिस्टर मानतात. त्या हिशेबाने 3,000 व्होल्टवरचं बोट पिनला टेकलं तर पहिल्या क्षणी 2 अँपिअर करंट जातो. मायक्रोसेकंदाच्या सातव्या भागात तो ओसरूही लागतो, पण चिपला तेवढा वेळ भरपूर होतो. आतल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखाली ऑक्साइडचा, म्हणजे इन्सुलेशनचा, जो थर असतो तो अवघा काही नॅनोमीटर जाड असतो आणि नॅनोमीटरमागे साधारण एक व्होल्ट सोसतो. पिनजवळ संरक्षणाचे डायोड दिलेले असतात म्हणून चिप वाचते. पण त्यांनाही मर्यादा आहे, हल्ली चिप बनवणारे माणसाच्या स्पर्शासाठी साधारण 1,000 व्होल्टचं लक्ष्य धरतात. म्हणजे 1,000 ते 3,000 या पट्ट्यात पार्टला इजा होऊ शकते आणि तुझ्या बोटाला काहीच कळत नाही. "मला तर झटका बसला नाही" हे वाक्य काउंटरवर नेहमी ऐकू येतं. ते खरंच असतं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.

माझ्या हातून झालेलं सांगतो. 2008 च्या मे महिन्यातली दुपार होती. लोडशेडिंगमुळे दुकानातला कूलर बंद, अंगात टेरिकॉटचा शर्ट, बसायला रेक्झिनचं स्टूल. एका ग्राहकाच्या दोन रॅम मी दहाच मिनिटांपूर्वी तपासून, चालू आहेत हे पाहून बाजूला ठेवल्या होत्या. लाईट आली म्हणून स्टुलावरून उठलो आणि त्यातली एक उचलली. बोट पट्टीच्या सोनेरी दातांना टेकायच्या आधीच मधल्या फटीत निळसर ठिणगी दिसली, टक् असा आवाज आला. ती रॅम लावली तर डिस्प्ले नाही. दुसरी चालू. पुन्हा पुन्हा लावून पाहिली, दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिली, गेली ती गेलीच. ग्राहकाला नवी घेऊन दिली. त्या दिवसापासून टेबलाच्या कडेला तांब्याची उघडी पट्टी ठोकलीय आणि ती अर्थला जोडलीय. उठलो की आधी हात तिला, मग कामाला. आज दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं. बहुतेक वेळा पार्ट तिथल्या तिथे मरत नाही. एखादा यूएसबी पोर्ट जातो, लॅन पोर्ट कधी लागतो कधी नाही, रॅमचा एक स्लॉट ओळखला जात नाही. किंवा दोन महिने सगळं नीट चालून मग मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागते. ग्राहक म्हणतो, "कालपर्यंत त चालू होता न भाऊ!" अशा बोर्डाकडे पाहून हे स्टॅटिकनेच झालं असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. आतली इजा बघायची तर चिप उघडून मायक्रोस्कोपखाली घालावी लागते.

आता तुझ्या प्रश्नाकडे. स्टॅटिकपासून वाचायचं म्हणजे अर्थिंग करायचं, असं बहुतेकांना वाटतं. अर्थिंग हा एक मार्ग आहे. मूळ गोष्ट अशी की पार्टला हात लावण्याआधी तू, तो पार्ट आणि तो ज्यात बसणार ते कॅबिनेट, तिघं एकाच व्होल्टेजवर असायला हवं. दोन टाक्यांत पाणी एकाच पातळीला असेल तर मधला व्हॉल्व्ह उघडूनही पाणी वाहत नाही. दोन्ही टाक्या पहिल्या मजल्यावर आहेत की तिसऱ्या, याने फरक पडत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की काय करावं, काय करू नये, हे तुझं तुलाच कळायला लागेल.

उदाहरणार्थ रबरी मॅट. तू ज्या मॅटबद्दल बोलतोयस ती बहुधा ऑफिसात, कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलसमोर अंथरलेली असते. तिचं काम नेमकं उलट आहे. माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जाऊ नये म्हणून ती असते. तिच्यावर उभा राहिलास तर अंगावरचा चार्ज निघून जायची वाटच बंद होईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावरची स्टॅटिक मॅट वेगळी असते. ती थोडीशी वाहक असते, चार्ज सावकाश जाऊ देते आणि तिला अर्थची वायर जोडायला बटण दिलेलं असतं. दोन्ही दिसायला सारख्याच, म्हणून गोंधळ होतो. रबरी किंवा प्लास्टिकच्या हातमोज्यांनी उलट घर्षणच वाढतं, लोकरीच्या तर विचारूच नकोस. उघड्या, कोरड्या, धुतलेल्या हातांनी काम कर.

रिस्ट बँड जरूर घे. वायरवाला घे. बिनवायरचे म्हणून जे विकतात त्यांचा काही उपयोग नाही, चार्जला जायला वाटच नसेल तर तो जाणार कुठे? वायरवाला दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याच्या आत 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो, आणि तो तुझ्या जिवासाठी असतो. चुकून क्लिप 230 व्होल्टला लागली तरी अंगातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट जाईल, तो जाणवणारही नाही. पण स्वस्त बँडमध्ये हा रेझिस्टर कधी नसतोच, कधी वायर आतून तुटलेली असते. मल्टीमीटर ओहमवर लावून एक टोक बँडच्या आतल्या धातूच्या चकतीला आणि दुसरं क्लिपला लाव. 1 मेगाओहमच्या आसपास आकडा आला पाहिजे. शून्य आला तर वापरू नकोस, काहीच आलं नाही तर तो नुसता शोभेचा दोरा आहे. बँड मनगटाला घट्ट हवा, चकती कातडीला टेकलेली हवी, शर्टाच्या बाहीवर नाही.

क्लिप कुठे लावायची, यातही चूक होते. हल्लीची कॅबिनेटं आतून-बाहेरून काळ्या रंगाने रंगवलेली असतात, आणि रंग म्हणजे इन्सुलेशन. रंगावर लावलेली क्लिप नुसती लटकत राहते. मागच्या बाजूला ग्राफिक कार्डाच्या पट्ट्या जिथे स्क्रूने बसतात तिथली उघडी धातूची कड शोध. किंवा मदरबोर्ड ज्यावर बसतो ते पितळी स्टँडऑफ बघ, एखादा मोकळा असेल तर क्लिपला तोच उत्तम.

आता अर्थिंग. तुझ्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात पीसीबरोबर तुझ्या जिवाचाही प्रश्न आहे.

पुस्तकात लिहिलेलं असतं: एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, कॉर्ड भिंतीला लावून ठेवा, स्विच बंद ठेवा, म्हणजे अर्थच्या पिनेतून कॅबिनेट जमिनीला जोडलेलं राहील. आपल्याकडचा स्विच फक्त फेज तोडतो, अर्थ जोडलेलीच राहते, तेव्हा हे बरोबरच आहे. पण त्यासाठी दोन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. अर्थची वायर खरोखर जमिनीपर्यंत गेलेली हवी, आणि स्विच खरोखर फेजवर हवा. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण मागे वरच्या भोकाला वायरच नसते. कुठे वायर असते पण मागच्या अंगणातला खड्डा वर्षानुवर्षं कोणी पाहिलेला नसतो. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच भागातली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, आक्रसते आणि अर्थच्या पाइपापासून, प्लेटपासून सुटते. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डासुद्धा मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो. म्हणूनच जुने वायरमन उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायला सांगायचे. पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग मेमध्ये जवळजवळ नसल्यासारखी असू शकते.

अर्थ नसेल तर काय होतं? एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन बारीक कपॅसिटर जोडलेले असतात, गडबडीचे सिग्नल गाळायला. त्यांच्यातून येणारा चिमूटभर करंट अर्थमधून निघून जावा अशी रचना असते. अर्थ नसली की बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर 115 व्होल्टच्या आसपास येऊन बसतात. चालू कॅबिनेटवरून हाताची पाठ हलकेच फिरवली की झिणझिण लागते ती हीच. स्टॅटिकशी याचा संबंध नाही, पण मोडतोड तीच होते. अशा मशीनची एचडीएमआय केबल टीव्हीला लावताना पोर्ट उडालेले मी कितीतरी पाहिलेत. आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर स्विच बंद असूनही फेज एसएमपीएसपर्यंत पोचलेली असते.

म्हणून आधी वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घे. समोरून पाहिलं तर अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे असायला हवं. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ साधारण सारखे, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ अर्धवट आकडा दाखवत असेल तर अर्थ तुटलेली समज. आकडे बरोबर दिसले तरी खड्ड्याची अर्थ किती घट्ट आहे हे साध्या मीटरवर कळत नाही, ते वायरमनने त्याच्या साधनाने मोजायचं. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची एक जुनी पद्धत आहे. ती तू करू नकोस. अर्थ तुटकी असेल तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या अर्थच्या वायरींवर, म्हणजे फ्रिजच्या, गिझरच्या बॉडीवर फेज येते.

अर्थिंग नाही असं निघालं तर? तरीही तू सुरक्षितपणे जोडू शकतोस. कॉर्ड भिंतीतून पूर्ण काढून ठेव. बँड कॅबिनेटच्या उघड्या धातूला लाव. आता तू आणि कॅबिनेट एका पातळीवर आहात, आणि बाकीचे पार्ट एकेक करून त्या पातळीवर आणायचे आहेत. जमिनीशी संबंध नसला तरी काम होतं. न्यूट्रलमधून अर्थ काढायचा जुगाड करू नकोस, न्यूट्रल कुठे तुटला तर कॅबिनेटवर सरळ 230 व्होल्ट येतील. नळाच्या पाइपाला वायर बांधू नकोस, आता बहुतेक ठिकाणी पाइप प्लास्टिकचे असतात. आणि कूलरच्या लोखंडी बॉडीला तर अजिबात नको. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. ती बॉडी अर्थ म्हणून धरायची वस्तू नाही. पीसी जोडून झाल्यावर, चालू करायच्या आधी मात्र त्या एका सॉकेटला तरी खरी अर्थिंग करून घे. तो खर्च टाळण्यासारखा नाही.

कूलरचं नाव निघालंच आहे तर, बॉडीला हात लावायचा नाही, पण तो चालू ठेव. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते आणि खोलीतली आर्द्रता चांगलीच वाढवते. तासभर आधी लाव, टेबल झोतापासून बाजूला ठेव म्हणजे तुषार बोर्डावर येणार नाहीत. काम दुपारी तीनला करण्यापेक्षा सकाळी सात-आठला कर, तेव्हा हवा त्या मानाने ओली असते. फरशी ओल्या फडक्याने पुसून घे आणि अनवाणी उभा राहा. मोझॅक किंवा शहाबादी फरशी असेल तर उत्तमच. रबरी चप्पल काढून ठेव.

कपडे सुती घाल. ट्रॅकपँट आणि क्रिकेटची जर्सी घालून पीसी जोडणारी पोरं मी पाहतो, ते दोन्ही पॉलिएस्टर असतं. टेबल लाकडी चालेल. सनमायका असेल तर मदरबोर्डाचाच कागदी खोका आडवा ठेवून त्यावर काम कर. गादीवर, सोफ्यावर, मऊ ब्लँकेटवर नको. सोलापुरी चादर सुती असते, टेबलावर अंथरायला ती चालेल. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काम करत असशील तर प्रत्येक वेळी उठताना अंगावर चार्ज येतो हे लक्षात ठेव, कारण तू आणि खुर्ची एकमेकांपासून सुटता तेव्हाच तो तयार होतो. उभ्याने काम करणं सगळ्यात बरं.

टेबलावरून थर्माकोल हद्दपार कर. खोका उघडलास की त्याचे मणी हाताला चिकटतात, झटकले तरी जात नाहीत, तो चार्ज तुला डोळ्यांनी दिसतोय. असा तुकडा बोर्डाला न टेकताही त्रास देतो. नुसता जवळ असला तरी बोर्डावरचे चार्ज इकडेतिकडे सरकतात, आणि त्या क्षणी तू बोर्डाला हात लावलास तर ठिणगी पडते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात चार्ज झालेलं प्लास्टिक बोर्डापासून निदान एक फूट लांब ठेवायचा नियम आहे. घरी तर ते दुसऱ्या खोलीतच ठेव. बबल रॅप, पॉलिथिन, सेलोटेपचा रोल, सगळं तिकडे. कॅबिनेटच्या काचेवर दोन्ही बाजूंनी पातळ फिल्म असते. ती सोलणं लोक शेवटी, पीसी जोडून झाल्यावर, मोठ्या हौसेने करतात. ती सोलताना चर्र आवाज येतो आणि दंडावरचे केस उभे राहतात, इतका चार्ज तयार होतो. आणि शेजारी उघडा बोर्ड असतो! काच पहिल्या दिवशीच काढ, बाहेर गॅलरीत नेऊन फिल्म सोल, ओल्या सुती कापडाने पूस आणि बाजूला उभी करून ठेव.

आता प्रत्यक्ष पार्ट काढताना. चंदेरी पिशवीतला मदरबोर्ड बाहेर काढायच्या आधी बँड लावलेल्या हाताने ती बंद पिशवीच दहा-पंधरा सेकंद हातात धर, दुसरा हात कॅबिनेटच्या उघड्या धातूवर. एवढ्यात तू, पिशवी आणि कॅबिनेट एका पातळीवर येता. मग पिशवी उघड, सरकन ओढू नकोस, सावकाश बाहेर सरकव. बोर्ड कडांना धर. रॅम दोन टोकांना, सोनेरी दातांना बोट लावू नकोस. कोणी पार्ट तुझ्या हातात देत असेल, भाऊ असो की मित्र, तर आधी त्याला कॅबिनेटला हात लावायला सांग, किंवा पार्ट टेबलावर ठेवायला सांग आणि तू उचल.

चंदेरी पिशवी आतल्या वस्तूचं रक्षण करते, वर ठेवलेल्याचं नाही. पिशवीवर बोर्ड ठेवून त्याला सप्लाय देऊन बघणं तर चुकीचंच, तिच्या थरात धातू असतो. काही पार्ट गुलाबी प्लास्टिकच्या पिशवीत येतात, ती स्वतः चार्ज होत नाही एवढंच, बाहेरचा चार्ज ती अडवत नाही. तिच्यात मदरबोर्ड ठेवून निर्धास्त राहू नकोस.

रॅम खोडरबरने घासायची आपल्याकडची सवय मला बोलून दाखवायचीच आहे. डिस्प्ले येत नाही म्हटलं की पहिला सल्ला हाच मिळतो. जुन्या मशीनमध्ये दातांवर साचलेला थर निघून कधीकधी काम होतं, म्हणून ती टिकून आहे. पण कोरड्या हवेत रबराने रॅम घासणं म्हणजे चार्ज हाताने तयार करणं, आणि सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. नव्या रॅमला तर याची गरजच नाही. साफ करायचीच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सुती कापड भिजवून हलकेच पूस, पूर्ण वाळू दे, मग लाव.

एक गोष्ट सप्लाय चालू झाल्यावरची. पीसी बंद केला तरी भिंतीचा स्विच चालू असेल तर मदरबोर्डावर 5 व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय असतोच, बऱ्याच बोर्डांवर त्याचा छोटा दिवा जळत राहतो. त्या अवस्थेत रॅम किंवा एसएसडी काढ-घाल केली तर पार्ट जाऊ शकतो, आणि दोष स्टॅटिकवर ढकलला जातो. आधी शटडाउन, मग भिंतीचा आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, दिवा विझल्याचं बघ, मग हात घाल.

पहिल्यांदा चालू केल्यावर डिस्प्ले आला नाही तर घाबरून जाऊ नकोस आणि लगेच स्टॅटिकला दोष देऊ नकोस. "स्टॅटिकने उडाला" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नव्या मशीनपैकी बहुतेकांत दुसरंच काहीतरी निघतं. रॅम एका बाजूने पूर्ण बसलेली नसते, दोन्हीकडून खट्ट आवाज आला नसतो. प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली, लावायची राहिलेली असते. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली असते. एखादा स्टँडऑफ नको त्या जागी राहून बोर्डाच्या मागे टेकत असतो. सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असते. यातलं एकेक शांतपणे बघ.

आणि सगळ्या चंदेरी पिशव्या आणि खोके वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेव. पार्ट बदलून घ्यायला लोक येतात ते रॅम शर्टाच्या खिशात टाकून, किंवा ग्राफिक कार्ड भाजीच्या पॉलिथिन पिशवीत घालून, उन्हात स्कूटीच्या हुकाला लटकवून. घरून निघताना त्यात एकच दोष असेल तर काउंटरवर पोचेपर्यंत दोन झालेले असू शकतात. पार्ट त्याच्या पिशवीत, पिशवी खोक्यात, खोका सॅकमध्ये, आणि दुकानात पोचल्यावर पिशवी तू उघडू नकोस, समोरच्याला त्याच्या मॅटवर उघडू दे.